माणूस आणा, कपडा नको

माझ्या धाकट्या दिरांच्या दुकानात भिंतीवर एक पाटी आहे. 'नमुन्यावरून माप घेतलं जाणार नाही. माणूस आणा, कपडा नको.' पाटी त्यांनी स्वतः रंगवली आहे. गिऱ्हाईक आत आलं की ते आधी पाटीकडे बघतात, मग गिऱ्हाइकाकडे. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवतात. ज्याला येतं त्यालाही दाखवतात.

बाजारात त्यांना टेलरमास्तर म्हणतात, तेव्हा मीही इथे मास्तरच म्हणते. संध्याकाळची प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. कुणाचं काय चांगलं दिसलं, देवाने कुठे हात दिला, असं काहीबाही. त्यात या माणसाला आजवर जागा दिली नव्हती. जागा द्यावी असं त्यांनी काही केलंही नव्हतं. या वर्षी केलं.

कारागीर म्हणून माणूस पक्का आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळी. कोटाचा खांदा ते असा बसवतात की पोक आलेला माणूसही ताठ दिसतो. गळ्यातला टेप कधी उतरत नाही. जेवताना त्याचं टोक ताटात पडतं, ते उचलून पाठीवर टाकतात आणि पुढचा घास घेतात. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून याचा डावा खांदा उतरलाय, त्याचा एक पाय आखूड आहे, असं सांगतात आणि ते बहुधा खरं निघतं. तयार कपड्यांच्या दुकानावरून जाताना त्यांचा चेहरा असा होतो, जणू उघड्या गटारावरून चाललेत. "तयार कपडा म्हणजे जगात कुणाच्याच मापाचा नसलेला कपडा," हे त्यांचं वाक्य. दोन देह कधी सारखे नसतात, जुळ्या भावांचेही नसतात, हे ते इतक्या ठसक्यात सांगतात की देह त्यांनीच घडवलेत असं वाटावं. घडवणारा वर बसलाय, तो काही बोलत नाही, म्हणून हे बोलतात.

दुकानामागे पडदा, पडद्यामागे एक लांबट खोली. तिथे दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीखाली धाकटीची खुर्ची. धाकटी म्हणजे मास्तरांची बायको, माझी जाऊ. कापायचं आणि शिवायचं त्यांनी. काज, बटण, हुक, तुरपाई, अस्तराची हातशिलाई हे सगळं तिचं. गिऱ्हाईक ज्या सफाईचं कौतुक करतं ती सफाई पडद्यामागे मान खाली घालून बसलेली असते, आणि कौतुक पडद्याच्या अलीकडेच थांबतं. वरच्या मजल्यावर जिन्याच्या एका बाजूला आमच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्या. दुपारी माझं आवरलं की मी खाली धाकटीजवळ जाऊन बसते, बटणं लावू लागते. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते ऐकीव नाही.

दुसऱ्या बाळंतपणात धाकटी वाचली ती देवाच्या कृपेने आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या धावपळीने. रक्त थांबत नव्हतं. घरी सोडताना त्या बाई मास्तरांना स्पष्ट म्हणाल्या, इतक्यात तिसरं नको, आणि त्यासाठी काय वापरायचं ते दोघांनी येऊन विचारा, बघून सांगू. मास्तरांनी मान हलवली. त्यांची मान हलवायची एक पद्धत आहे. कपडे अमुक दिवशी हवेत असं गिऱ्हाईक बजावतं, तेव्हा ते अशीच हलवतात.

विचारायला जायचं म्हणजे परक्या बाईसमोर बसून स्वतःच्या खोलीतलं बोलायचं. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा ओरडून सांगणारा हा माणूस, त्याला इथे लाज आली. मग ते गेले कुठे, तर समोरच्या बटणवाल्याकडे.

बटणवाला म्हणजे धागे, बटणं, चेन, अस्तर विकणारा मास्तरांचा मित्र. त्याला कशातलंही माहीत नाही असं नाही. सगळ्यातलं माहीत आहे, आणि तेच दुखणं आहे. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, आमची बायको कितीतरी वर्षं या गोळ्या घेते, घोड्यासारखी धडधाकट आहे, आणि गोळ्यांचं एक रिकामं पाकीट मास्तरांच्या खिशात घातलं. मास्तर ते पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात गेले, काउंटरवर ठेवलं आणि बोटाने खूण केली, असंच एक. तोंडातून शब्द काढावा लागला नाही. नमुना दाखवला की काम झालं.

हे मला पुढे कळलं. कळलं तेव्हा मी पाटी आठवून इतकी हसले की धाकटीला वाटलं मला ठसका लागला.

गोळ्या वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. ज्यांना मानवतात त्यांना मानवतात, बटणवाल्याच्या बायकोला मानवल्याच. पण धाकटीला पहिल्यापासून एक डोकेदुखी होती. लग्नाआधीपासून कधीतरी, वर्षातून एखाद्या वेळी, आधी डोळ्यांपुढे चमचम व्हायची आणि मग अर्धं डोकं ठणकायचं. त्यातल्या चमकण्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस असं मी विचारलं तर म्हणाली, कुणी विचारलं नाही ना ताई. माहेरी तिला म्हणत उन्हात हिंडू नकोस, सासरी म्हणायचे रिकाम्या पोटी राहू नकोस. संपलं.

गोळ्या सुरू झाल्यावर वर्षाची डोकेदुखी महिन्याची झाली, महिन्याची आठवड्याची. ती सांगायची, आधी एका कोपऱ्यात चमकतं, मग ते वाढत जातं, अगदी झिगझॅग शिलाईसारखं, दात असलेलं, आणि हलत राहतं. जिथे ते असतं तिथला कपडा दिसत नाही.

मास्तरांनी लगेच उपाय केला. त्यांनी खोलीतली ट्यूब बदलली.

ट्यूबने काही झालं नाही म्हणून त्यांनी फुटपाथवरून तिच्यासाठी चष्मा आणला. तिथे टोपलीत चष्मे ढीग घालून ठेवलेले असतात. तिला नेलंही नाही. टोपलीत हात घातला, एक उचलला, स्वतःच्या नाकावर ठेवून पाहिला, बरा वाटला, आणला. तयार शर्टाला नाक मुरडणाऱ्या माणसाने बायकोचे डोळे टोपलीतून आणले. चष्मा लावल्यावर धाकटीला झिगझॅग दिसायचंच, शिवाय मोठं दिसायचं. मग तो चष्मा खिडकीत पडला.

तिसरा उपाय म्हणजे बटणवाल्याला विचारणं. तो म्हणाला, गोळ्यांचा काही संबंध नाही, आमच्या घरी बघा. एका बाईचं डोकं गोळ्यांनी दुखत नाही याचा पुरावा काय, तर दुसऱ्या बाईचं दुखत नाही, असा हिशेब. मास्तरांना तो एकदम पटला. वर येऊन आमच्या ह्यांना सांगून गेले की बायकांना बसून काम आलं की डोकं दुखतंच. आमचे हे हं म्हणाले. ह्यांचं हं म्हणजे वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज, त्यात मत शोधू नये.

मी त्या दिवसांत धाकटीसाठी रोज देवापुढे दोन शब्द जास्त बोलत होते. आमच्या प्रार्थनेच्या मंडळात थोरल्या बाई म्हणून एक आहेत, सगळ्यांच्या पुढे बसतात. त्यांच्या कानावर घातलं तर डोळे मिटून म्हणाल्या, गोळ्या घेऊन देवाच्या देण्याला आडकाठी केली की असंच होणार. मी विचारलं, बाई, तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ती कुणाच्या देण्याला आडकाठी? त्यांनी डोळे उघडले. नंतर बरेच दिवस मला बसायला चटई मागची मिळाली. मिळू दे. देवाला मागच्या रांगेतलंही ऐकू येतं. त्यानेच अक्कल दिली आहे, आणि ती न वापरता त्याच्याच दारात येऊन रडणाऱ्यांचा त्याला कंटाळा येत असणार अशी माझी पक्की श्रद्धा आहे.

मग ती दुपार आली.

एका लग्नाचा कोट तयार होत होता. मास्तर बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते, धाकटी बाहीची बटणं लावत होती, मी शेजारी अस्तराचे धागे काढत होते. एकाएकी तिने सुई थांबवली. बटणाकडे बघत म्हणाली, अर्धंच दिसतंय. मग डावा हात झटकू लागली, मुंग्या आल्यात म्हणाली, बोटांतून वर चढतायत, ओठापर्यंत आल्या. मी उठले. तिने माझ्याजवळच्या धाग्याच्या रिळाकडे बोट केलं आणि म्हणाली, ताई, ते द्या, ते, ते. रीळ हा शब्द तिला सापडेना. दिवसभर ज्याच्याशिवाय चालत नाही त्या वस्तूचं नाव तोंडात येईना. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. घाबरलेल्या माणसाचं बघणं मी पाहिलंय. हे वेगळं होतं. घर सोडून जाणारा दाराकडे बघतो तसं.

थोड्या वेळाने शब्द परत आले, मुंग्या गेल्या आणि डोकं फुटायला लागलं. मास्तर पडदा सारून आत आले. बायकोकडे पाहिलं, मग कोटाकडे. म्हणाले, बटणं राहिली का अजून?

मी त्यांना आजवर भाऊजी म्हणत आले आहे आणि पुढेही म्हणेन, नातं आहे. पण त्या क्षणी तोंडात दुसरा शब्द आला होता, तो मी देवाला साक्षी ठेवून गिळला. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, बटणं तुम्ही लावा. हिला मी दवाखान्यात नेते."

आरोग्य केंद्रात एक सिस्टर होत्या, उंच, आवाज जरा घोगरा. त्यांनी धाकटीला बसवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, आणि विचारायला सुरुवात केली. डोकं कुठल्या बाजूला दुखतं? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं का? कसं? लग्नाआधीही व्हायचं? घरात कुणाला लकवा झालाय का? पाळी कशी येते, जास्त की बेताची? बाळंतपणात काय झालं? आणखी मूल हवंय का, कधीतरी हवं असेल का? काम बसून की उभं राहून? धाकटी उत्तरं देत होती आणि तिचा चेहरा हळूहळू मोकळा होत होता. तिच्या अंगाबद्दल तिला एवढं कुणी जन्मात विचारलं नव्हतं. मला तर वाटलं, हेच ते माप घेणं. टेप नव्हता एवढंच.

मग सिस्टरनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर गृहस्थ शांत होते. त्यांनी सांगितलं, डोळ्यांपुढे असं चमकून मग डोकं दुखतं अशा बाईला या जातीच्या गोळ्या देत नाहीत. मेंदूची रक्तवाहिनी तुंबायचा धोका वाढतो, हात जातो, बोलणं जातं, जीवही जाऊ शकतो. आजपासून बंद. विचारलं, कुणी दिल्या? धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, बटणवाल्याने. डॉक्टरांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

सिस्टरनी पुन्हा बसवून एकेक उपाय समजावला. तांबी असते, गर्भाच्या पिशवीत बसवतात, बरीच वर्षं टिकते, त्यात ती गोळ्यांतली औषधं नसतात. सुरुवातीचे महिने पाळी जास्त जाते, पोटात दुखतं, कुणाला मानवतं कुणाला नाही. इंजेक्शन असतं, दंडात बसवायची बारीक कांडी असते, वेगळ्या जातीच्या गोळ्या असतात. त्यांत पाळीचं वेळापत्रक बिघडू शकतं. निरोध आहे. आणि मुलं पुरे असं दोघांनी ठरवलं असेल तर पुरुषाची नसबंदी, सगळ्यात सोपी, पण ती कायमची धरून चालायचं. कुठला उपाय घ्यायचा ते तुम्ही ठरवा, घाई नाही, तोवर निरोध वापरा, नवऱ्याला घेऊन या, असं म्हणाल्या. दाखवायला ठेवलेली तांबी त्यांनी धाकटीच्या हातात दिली. तिने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, टोक वाकवून पाहिलं, दोरा ओढून पाहिला. नवीन हुक आले की ती अशीच बघते. मग विचारलं, दिवसभर बसून काम करते मी, टोचेल का? सिस्टर म्हणाल्या, टोचणार नाही, आणि नाहीच जमलं तर कधीही या, काढून देऊ. धाकटीने तेवढं बरोबर मनात ठेवलं.

घरी आल्यावर मास्तरांना सगळं सांगितलं. जीव जाऊ शकतो हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं, आणि पाहिलं ते लिहायला हवं. बायकोवर त्यांचा जीव आहे. शिलाईतली चूक दिसल्यावर कापडावरही असतो. पण नसबंदीचं नाव निघताच चेहरा जो उतरला तो वेगळाच. म्हणाले, त्याने पायातली ताकद जाते, मग मशीन कोण मारणार? मशीनला मोटर बसवून वर्षं झाली. पायाने ते फक्त एक बटण दाबतात, आणि ते बटण दाबताना टेबलाखाली चप्पलसुद्धा काढून ठेवतात.

राहिला निरोध. हा तर आणायचा म्हणजे तोंडाने बोलून मागायचा. नमुना नव्हता. औषधाच्या दुकानात मास्तर गेले, तिथे एक बाई उभ्या होत्या, म्हणून थांबले. त्या गेल्या तर एक मुलगी आली. ती गेली तर दुकानदाराने विचारलं, काय देऊ? मास्तर म्हणाले, खोकल्याचं औषध. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा खोकल्याचं औषध. खिडकीत टोपलीतल्या चष्म्याशेजारी बाटल्यांची रांग लागायला लागली. घरात कुणाला खोकला नव्हता. धाकटी मला म्हणाली, ताई, यांना एवढं औषध पाजून झोपवलं तर तोही एक उपाय होईल. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं.

शेवटी मी गेले. डोक्यावरचा पदर नीट केला, सकाळची प्रार्थना करूनच निघाले होते, आणि काउंटरवर जाऊन नाव घेऊन मागितले. दुकानदाराने मुकाट्याने पुडीत बांधून दिले. पृथ्वी दुभंगली नाही. परत येताना पुडी मास्तरांच्या कापायच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, भाऊजी, माप विचारलं नाही त्याने, सगळ्यांना एकच चालतं म्हणे, तुमच्या तत्त्वाविरुद्ध आहे, पण सांभाळून घ्या. त्यांनी पुडीवर कापड टाकलं.

दवाखान्यात मात्र ते काही येईनात. आज कापड यायचंय, उद्या ट्रायल आहे. धाकटी इकडे विचार करत होती. तुरपाई करता करता मला एकेक विचारायची. इंजेक्शन तिला नको होतं, कारण एकदा टोचलं की मानवो न मानवो, अंगातून काढता येत नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: गोळ्यांनी जे झालं त्यानंतर मला उसवता येईल असंच काहीतरी हवं. बसवून बघायचं, ओढ बसली तर काढायचं. कायमचं टाचून टाकायला तिचं मन अजून तयार नव्हतं. रक्त जाण्याची तिला धास्ती होती, बाळंतपण आठवायचं. म्हणून ती पुन्हा एकटी जाऊन सिस्टरना तेवढंच विचारून आली, अंगातलं रक्त तपासून आली. ते पुरेसं निघालं. तिची पाळीही मुळात बेताची.

आणि त्याच संध्याकाळी मास्तर पडद्याआड येऊन म्हणाले, ठरलं. बटणवाल्याच्या मेहुणीने इंजेक्शन घेतलंय, तिला झकास मानवलंय, उद्या तूही घेऊन ये.

तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली आणि मास्तर दुकानात गेले. एक म्हातारे गृहस्थ आले होते, काखेत कागदात गुंडाळलेला शर्ट. परगावच्या मुलासाठी शिवायचा होता, मुलगा यायला मोकळा नव्हता, म्हणून त्याचा जुना शर्ट आणला होता. मास्तरांच्या तोंडाला पाणीच सुटलं. त्यांनी पाटी वाचून दाखवली. मग सुरू झाले, की हा शर्ट शिवला तेव्हा मुलगा कसा होता, आता कसा आहे, जेवतो काय, बसतो कसा, हे या शर्टाला माहीत आहे का? कपडा कालचं सांगतो, माणूस आजचं सांगतो. नमुन्यावरून शिवणारे शिंपी नव्हेत. म्हातारे बिचारे शर्ट छातीशी धरून ऐकत होते.

धाकटीने सुई कपड्यात खोवली, उठली आणि पडदा सारला. गिऱ्हाईक असताना पडदा सारून बाहेर आलेलं तिला मी तोवर पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही. तुरपाई करताना असतो तसाच होता.

"अहो, माझ्या वेळी बटणवाल्याच्या बायकोचं पाकीट नेलंत. आता त्याच्या मेहुणीचं इंजेक्शन. मला कधी नेलंत?"

मास्तरांच्या हातातला खडू हातातच राहिला. म्हाताऱ्या गृहस्थांना कसलं इंजेक्शन, कसलं पाकीट काही कळलं नसणार, पण पाटी त्यांनी वाचली होती. ते एकदा पाटीकडे बघत होते, एकदा मास्तरांकडे. मी पडद्यामागे होते आणि मनापासून देवाचे आभार मानत होते.

"पाटी काढा नाहीतर माझ्याबरोबर चला," धाकटी म्हणाली. "काय घ्यायचं ते माझं ठरलंय. तुम्ही फक्त ऐकायला या."

मास्तर गेले. सिस्टरसमोर खुर्चीच्या टोकावर बसले, गळ्यात टेप तसाच. धाकटीने तांबी सांगितली. सिस्टरनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? मास्तरांनी खूप वेळ विचार केला आणि विचारलं, साधारण सगळ्यात जास्त काय खपतं? सिस्टर म्हणाल्या, ते कशाला, ज्यांना घालायचंय त्या समोर बसल्यात. मी बाहेर बाकावर होते; दार पुढे केलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

पुढचे महिने काही मखमलीचे गेले नाहीत. पाळी जास्त गेली, पोटात पिळा पडायचा, धाकटी पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन काज करायची. पण हे होणार हे तिला आधी सांगितलेलं होतं, आणि सांगितलेल्या दुखण्याचं भय निम्मं असतं. मधे एकदा जाऊन तपासून आली, सगळं जागेवर होतं. हळूहळू कमी झालं. झिगझॅग पूर्ण गेलं असं नाही, पण ते पूर्वीसारखं कधीतरी येतं, येतं तेव्हा ती सुई खाली ठेवते आणि अंधारात पडते, आणि मास्तर बटणांबद्दल विचारत नाहीत. रीळ हा शब्द त्यानंतर एकदाही हरवलेला नाही.

माणूस सुधारला का, असं कुणी विचारेल. छे. मास्तरांना नवा विषय मिळाला. आता ते गिऱ्हाइकांना, बटणवाल्याला, दूध घालायला येणाऱ्याला सांगतात की गोळ्या बिळ्या कुणाचं बघून घेऊ नयेत, आम्ही नाही घेतल्या, आम्ही थेट तज्ज्ञांकडे गेलो, प्रत्येकीची प्रकृती वेगळी. 'आम्ही' म्हणताना टेपचं टोक झटकतात. बटणवाला मान डोलावतो, जणू सल्ला त्याचाच होता. खोकल्याची औषधं त्यांनी त्याला देऊन टाकली. त्याच्याकडे सगळ्यांना खोकला असतो म्हणे.

काल दुपारी मी खाली गेले तर मास्तर कोटाची काख उसवत होते, आणि नाकावर चष्मा. तोच, टोपलीतला. बारीक टाका हल्ली दिसत नाही, वय झालं. मी म्हणाले, भाऊजी, तयार चष्मा? नंबर तपासून घ्या की.

"कशाला, वहिनी," ते पाटीखाली बसून म्हणाले, "अगदी माझ्याच मापाचा निघाला."

पडद्यामागून धाकटीने दाताने धागा तोडल्याचा आवाज आला.